दृष्टिपटल वाचविण्याची लढाई : वेळ, उपचार आणि नेत्रशल्यविशारदाचे समाधान

नवी दिल्ली : दुखत नाही म्हणजे आजार नाही, हा समज डोळ्यांच्या बाबतीत फार महागात पडतो. डोळ्याच्या आतल्या बाजूस मागे असलेल्या दृष्टिपटलाला, म्हणजेच बोलीभाषेतील डोळ्याच्या पडद्याला, वेदनेची जाणीव नसते. हा पडदा फाटला, सरकला, त्याखाली रक्त साचले किंवा त्याच्या केंद्रभागी सूज आली, तरी बहुतेक वेळा डोळा दुखत नाही आणि लालही होत नाही. रुग्णाला फक्त काजवे चमकल्यासारखे दिसते, नजरेसमोर जळमटे तरंगू लागतात किंवा एका बाजूने सावली पुढे सरकत आल्यासारखे वाटते. चष्म्याचा क्रमांक बदलला असेल, या समजुतीत काही दिवस जातात आणि दृष्टी वाचविण्याची वेळ नेमक्या त्याच दिवसांत निघून जाते.

देशातील अंधत्व निवारणाच्या कामात आता याच पडद्याच्या आजारांना मोठे महत्त्व आले आहे. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार अंधत्वाचे प्रमाण २००६-०७ मधील १ टक्क्यावरून २०१५-१९ या काळात ०.३६ टक्क्यांवर आले. या घसरणीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा वाटा मोठा आहे. मात्र मोतीबिंदूवर उपाय करणे जसजसे सुलभ झाले, तसतसे मधुमेह, वाढते वय आणि अकाली जन्म या कारणांनी होणारे दृष्टिपटलाचे विकार ठळकपणे समोर येऊ लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज मांडला. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचे परिणाम आढळले होते.

मोतीबिंदू आणि पडदा यांतील फरक

डोळ्याची तुलना नेहमी छायाचित्रकाच्या यंत्राशी केली जाते. त्या तुलनेत मोतीबिंदू हा पुढच्या भिंगाचा विकार ठरतो. गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसविले की प्रकाशाचा मार्ग मोकळा होतो. दृष्टिपटलाची गोष्ट वेगळी आहे. गर्भावस्थेत ते मेंदूच्याच एका फुगवट्यापासून तयार होते, त्यामुळे ते खऱ्या अर्थाने मेंदूचा बाहेर आलेला भाग आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या या पापुद्र्यात प्रकाश ओळखणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशात पाहण्याचे काम करतात, तर रंग आणि बारीक तपशील टिपण्याचे काम शंकुपेशी करतात. या साऱ्या पेशींनी टिपलेला संदेश दहा लाखांहून अधिक तंतूंच्या दृष्टिचेतेतून मेंदूकडे जातो.

पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला हा लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याच्या बळावर होतात. बाकीचा पडदा शाबूत असला तरी हा भाग निकामी झाल्यास माणूस घरात वावरू शकतो, पण पुस्तक वाचू शकत नाही. दृष्टिपटलातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत आणि संपूर्ण पडद्याचे प्रत्यारोपण आज शक्य नाही. त्यामुळे या शाखेतील शल्यचिकित्सकाचे पहिले काम जे उरले आहे ते राखण्याचे असते. गेलेले परत मिळविण्याचा विचार त्यानंतर येतो.

दिसेना तेथपासून दिसू लागले तेथवर

जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे दर्शन वैद्यकशास्त्राला बरेच उशिरा झाले. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक जगासमोर आणला आणि बाहुलीच्या काळ्या छिद्रामागील लाल-केशरी पडदा वैद्यांना प्रथमच पाहता आला. आजार दिसू लागले, तरी उपचार मात्र हाती नव्हते. पडदा सरकलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे पडून राहण्यास सांगितले जाई आणि तो बहुधा आंधळाच होई.

ही कोंडी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रवैद्य झ्यूल गोनँ यांनी फोडली. पडद्याला पडलेले छिद्र हेच तो सुटण्याचे मूळ कारण आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्या छिद्रातून डोळ्यातील द्रव पडद्यामागे शिरतो आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. छिद्र शोधून ते डागून बंद केले तर पडदा पुन्हा चिकटतो, हे त्यांनी १९२० च्या दशकात शस्त्रक्रियांनी सिद्ध केले. प्रारंभी त्यांच्यावर अविश्वास दाखविला गेला, पण १९२९ च्या ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर जगभर ही पद्धत स्वीकारली गेली. आजही पडद्याच्या शस्त्रक्रियेचा पाया तोच आहे : छिद्र शोधणे, ते बंद करणे आणि पडद्यावरील ताण काढणे.

पुढचे पाऊल एका सूर्यग्रहणाने सुचविले. १९४५ च्या ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने पडद्यावर झालेली भाजल्याची खूण जर्मनीचे गेर्ड मायर-श्विकेराट यांच्या पाहण्यात आली. जो प्रकाश पडदा भाजू शकतो, तो मोजून-मापून वापरला तर छिद्राच्या कडा चिकटवूही शकेल, असा विचार त्यांनी केला. सुरुवातीला त्यांनी आरशांच्या साहाय्याने चक्क सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडून उपचार केले. ढगाळ दिवशी अर्थातच काम थांबे. नंतर झेनॉन दिवा आला आणि त्यानंतर लेसर. मधुमेहींच्या पडद्यावर वेळीच लेसर दिल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवून दिले.

त्यापूर्वीच, १९७० मध्ये, मायामी येथे रॉबर्ट माखेमेर यांनी डोळ्याच्या आत शिरण्याचे धाडस केले होते. डोळ्याच्या पोकळीत भरलेला जेलीसारखा काचाभ द्रव काढणे म्हणजे डोळा गमावणे, अशी त्या काळची समजूत होती. माखेमेर यांनी हा द्रव कापून शोषून घेणारे उपकरण तयार केले आणि त्याची पहिली परीक्षा अंड्याच्या पांढऱ्या बलकावर घेतली. मधुमेहामुळे डोळ्यात रक्त साचून दृष्टी गेलेल्या रुग्णावर ते वापरले, तेव्हा व्हिट्रेक्टॉमी या आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभ झाला.

शस्त्रक्रियागृहात काय घडते

आजची व्हिट्रेक्टॉमी बहुधा फक्त डोळा बधिर करून केली जाते. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागात तीन सूक्ष्म छिद्रे केली जातात. ही जागा ठरलेली असते, कारण तेथून थोडे पुढे गेल्यास भिंगाला आणि थोडे मागे गेल्यास पडद्याला इजा होऊ शकते. एका छिद्रातून द्रव सोडून डोळ्याचा दाब कायम राखला जातो, दुसऱ्यातून प्रकाशाची बारीक नळी जाते आणि तिसऱ्यातून कापण्याचे उपकरण. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या या उपकरणाचे पाते मिनिटाला हजारो वेळा फिरते, जेणेकरून द्रव ओढताना पडदा ओढला जाऊ नये.

मॅक्युलाला छिद्र पडले असेल, तर पडद्यावरचा दोन-तीन मायक्रॉन जाडीचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलावा लागतो. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तुलनेत हा पापुद्रा कितीतरी पातळ असतो. तो दिसावा म्हणून त्यावर निळा रंग सोडतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याची दृष्टी सूक्ष्मदर्शकातून, दोन्ही हात डोळ्याच्या आत आणि दोन्ही पाय यंत्राच्या पायट्यांवर, अशी चारही अंगांची एकाच वेळी परीक्षा चालू असते.

शेवटी पडदा जागेवर दाबून ठेवण्यासाठी डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरले जाते. वायूचा बुडबुडा वर तरंगतो, म्हणून छिद्र मागच्या बाजूस असेल तर रुग्णाला काही दिवस पालथे किंवा मान खाली घालून राहावे लागते. वायू पूर्ण जिरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर तो प्रसरण पावतो आणि डोळ्याचा दाब धोकादायक पातळीवर जातो. वायूच्या प्रकारानुसार हा काळ सुमारे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकतो. सिलिकॉन तेल मात्र आपोआप जिरत नाही. ते काढण्यासाठी सहसा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर पहिली शस्त्रक्रिया फसली असा रुग्णाचा ग्रह होतो.

सरकलेला पडदा एकाच शस्त्रक्रियेत चिकटण्याचे प्रमाण आज दहापैकी सुमारे आठ ते नऊ इतके आहे. पण पडदा चिकटणे आणि दृष्टी परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅक्युला सुटण्यापूर्वी रुग्ण पोहोचला, तर पूर्वीसारखी दृष्टी राहण्याची शक्यता चांगली असते. मॅक्युला सुटल्यावर उशीर होत गेला, तर पडदा जागेवर बसूनही अक्षरे धूसर दिसतात. म्हणूनच असा रुग्ण आला की यादीतील इतर शस्त्रक्रिया मागे ठेवून त्याला पुढे घेण्याची रीत आहे.

सुईने आणलेली क्रांती

या शतकातील सर्वांत मोठा बदल शस्त्रक्रियेने नव्हे, तर इंजेक्शनाने घडविला. मधुमेहात आणि वार्धक्यातील मॅक्युलाच्या आजारात व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनामुळे नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढतात. नेपोलिऑन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या प्रथिनाचा छडा लावला. त्याला रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले, तर डोळ्यासाठी घडविलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आले. रॅनिबिझुमॅबच्या एका प्रमुख चाचणीत सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी टिकली आणि जवळपास एक तृतीयांश रुग्णांना तक्त्यावरील किमान तीन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. तोपर्यंत या आजारात दृष्टी वाढणे हा अपवाद मानला जात असे.

कर्करोगासाठीचे स्वस्त औषध डोळ्यातही उपयोगी पडते काय, हा प्रश्न गरीब देशांसाठी कळीचा होता. वार्धक्यातील मॅक्युलाच्या आजारात दोन्ही औषधांचा दृष्टीवरील परिणाम तुल्य असल्याचे अमेरिकेतील सरकारी निधीवर झालेल्या चाचणीने २०११ मध्ये दाखविले. मात्र एका कुपीतून अनेक मात्रा काढताना निर्जंतुकतेत जराही हयगय झाली, तर डोळ्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, हा धोका आजही लक्षात ठेवावा लागतो. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची जगातील पहिली जैवसदृश आवृत्ती भारतात उपलब्ध झाली आणि किंमत आणखी खाली येण्याचा मार्ग खुला झाला.

या उपचाराची खरी अडचण त्याच्या सातत्यात आहे. इंजेक्शनाचा परिणाम काही आठवडे राहतो आणि मात्रा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. तालुक्याच्या गावातून शहरात येणे, सोबतीला मुलाची रजा, औषधाचा खर्च या साऱ्यांचा भार महिन्यागणिक वाढतो आणि दिसते आहे तोवर चालेल असे म्हणत रुग्ण येणे थांबवितो. आयुष्मान भारतसारख्या योजनांच्या यादीत दृष्टिपटलावरील काही उपचार समाविष्ट आहेत. तरीही तपासणीच उशिरा झाली, तर कोणतीही योजना गेलेली दृष्टी परत देऊ शकत नाही.

तीस दिवसांच्या आतली तपासणी

काळाशी सर्वांत कठीण स्पर्धा असते ती अकाली जन्मलेल्या बालकांची. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची वाढ गर्भाचे दिवस पूर्ण होण्याच्या सुमारास संपते. त्याआधी जन्म झाला, तर ही वाढ अर्धवट राहते आणि पुढे वेडीवाकडी होऊन पडदा ओढून काढते. रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी या नावाने हा विकार ओळखला जातो. नवजात अतिदक्षता विभागांमुळे पूर्वी न जगणारी बालके आता जगतात, पण प्राणवायूचे प्रमाण काटेकोर न राखल्यास त्यांच्या डोळ्यांना धोका वाढतो. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बालके अकाली जन्मली, असा अंदाज आहे. ही संख्या जगात सर्वाधिक आहे.

३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २ किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा, असा राष्ट्रीय मार्गदर्शक दंडक आहे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांसाठी ही मुदत त्याहूनही कमी आहे. गंभीर विकार आढळल्यास दोन-तीन दिवसांत लेसर किंवा इंजेक्शन द्यावे लागते. तेवढे साधले, तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. नाही साधले, तर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे अंधारात जातात.

तज्ज्ञ थोडे आणि बाळे दूरदूरच्या जिल्ह्यांत, या अडचणीवर कर्नाटकात २००८ पासून एक मार्ग काढला गेला. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे डॉ. आनंद विनेकर यांच्या नेतृत्वाखालील किड्रॉप उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात विभागांत जातात, पडद्याची छायाचित्रे घेतात आणि तज्ज्ञ ती दूरवरून तपासतात. याच विचाराचा विस्तार मधुमेहींच्या तपासणीतही झाला आहे. छायाचित्रावरून मधुमेहजन्य विकार ओळखणाऱ्या संगणकप्रणालीचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला गूगलचा बहुचर्चित अभ्यास मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या सहभागाने झाला होता.

वाट घालून देणारे

भारतातील दृष्टिपटल चिकित्सेचा इतिहास काही मोजक्या माणसांच्या निर्णयांशी जोडलेला आहे. डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी बोस्टन येथे चार्ल्स शेपेन्स या अग्रगण्य दृष्टिपटल तज्ज्ञांच्या हाताखाली शिक्षण घेतले. अमेरिकेत स्थिरावणे शक्य असताना ते मायदेशी परतले आणि १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालयाची स्थापना केली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभरातील दृष्टिपटल विभागांत त्यांच्या शिष्यांची पिढी काम करीत होती.

मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांचे अरविंद रुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असताना त्यांनी शस्त्र धरण्याचा नव्याने सराव केला होता. त्यांच्या परिवारातील डॉ. पी. नामपेरुमालसामी यांनी तेथे दृष्टिपटल विभाग उभा केला. मुंबईचे दृष्टिपटल तज्ज्ञ डॉ. एस. नटराजन यांनी धारावीच्या वस्त्यांत मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी हाती घेतली. २०१६ मध्ये काश्मीरमध्ये छर्ऱ्यांनी डोळे जखमी झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी ते आपल्या सहकाऱ्यांसह श्रीनगरला गेले होते.

समाधान कशात असते

या शाखेत येणाऱ्या डॉक्टरची वाट लांब असते. साडेपाच वर्षांची एमबीबीएस, नेत्रशास्त्रातील तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दृष्टिपटल शस्त्रक्रियेचे साधारण दीड ते दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण, असा हा प्रवास आहे. त्यानंतरही एकेका शस्त्रक्रियेला तास-दोन तास लागतात आणि मान व पाठीचे दुखणे पाठ सोडत नाही.

मोतीबिंदूच्या शल्यचिकित्सकाला दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना रुग्णाच्या चेहऱ्यावर आनंद पाहायला मिळतो. दृष्टिपटल तज्ज्ञाच्या वाट्याला असा क्षण क्वचित येतो. त्याचा रुग्ण वायूच्या बुडबुड्यामुळे सुरुवातीला काही आठवडे जवळपास काहीच पाहू शकत नाही. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते. कित्येकदा फक्त हाताची हालचाल ओळखणारा डोळा बोटे मोजू लागतो. तक्त्यावर हा फरक किरकोळ दिसतो, पण त्या बळावर एखादी वृद्धा कोणाचा हात न धरता न्हाणीघरापर्यंत जाऊ लागते. एखाद्या गवंड्याचा दुसरा डोळा वाचतो आणि त्याचे काम सुटत नाही.

या कामाचे सर्वांत मोठे यश तर दिसतही नाही. वेळेवर लेसर दिलेल्या मधुमेहीला काहीच होत नाही आणि तेच यश असते. ज्या बाळाचा पडदा चौथ्या आठवड्यात वाचला, ते सहाव्या वर्षी इतर मुलांसारखे पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जाते. त्याला आपण काय गमावणार होतो हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. आभार मानणारा कोणी नसतानाही काम नेटाने करीत राहण्याची शिस्त हा या पेशाचा गाभा आहे.

त्याबरोबरच नाही म्हणण्याचे धैर्यही लागते. पडदा पूर्ण आकसून गेला असेल, तर शस्त्रक्रियेने उपयोग होणार नाही, हे रुग्णाला सांगावे लागते. अशा वेळी उरलेल्या दृष्टीचा वापर करण्यासाठी भिंगे, ठळक अक्षरे, पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण आणि पुनर्वसनाची माहिती देणे हादेखील उपचाराचाच भाग मानला जातो. काही आनुवंशिक विकारांसाठी नवी दारे उघडत आहेत. आरपीई६५ या जनुकातील दोषावरील जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तथापि त्याची दोन्ही डोळ्यांसाठीची साडेआठ लाख डॉलरची किंमत पाहता सामान्य रुग्णासाठी तो अजून दूरच आहे.

रुग्णाच्या हाती काय आहे

बहुतेक दृष्टी वाचविण्यासाठी महागड्या शोधांची गरज नाही. टाइप-२ मधुमेहाचे निदान झाले त्याच वेळी आणि त्यानंतर दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. स्पष्ट दिसत असले तरी ती टाळू नये. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आरोग्य यांवर लक्ष ठेवल्यास पडद्याचे नुकसान लांबते. चष्म्याचा उणे क्रमांक मोठा असलेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी आणि घरात पडदा सरकण्याचा इतिहास असलेल्यांनी विशेष सावध राहावे.

एक डोळा झाकून दुसऱ्याने दाराची चौकट किंवा फरशीची रेघ पाहावी. ती वाकडी दिसली, तर मॅक्युलाची तपासणी आवश्यक आहे. अचानक वाढलेली जळमटे, प्रकाशाचे चमकारे किंवा बाजूने येणारी सावली ही लक्षणे दिसल्यास उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. अकाली जन्मलेल्या बाळाला घरी नेताना पडद्याची तपासणी कधी आहे, हे पालकांनी विचारावे आणि ती तारीख चुकवू नये.